आठ वर्षांत एक : देवमाशाचा आराखडा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
वन, मत्स्यव्यवसाय आणि जहाजवाहतूक खात्यातले सगळे साहेब आणि मॅडम
(मुंबईचे पण आणि दिल्लीचे पण)

नमस्कार.

अरबी समुद्रातल्या हंपबॅक देवमाशाला वाचवायचा आराखडा कसा असावा, यासाठी तिन्ही खात्यांना मिळून एकच पत्र लिहितेय. वेगवेगळी लिहिली असती तर वनवाल्यांनी माझं पत्र मत्स्यकडे पाठवलं असतं, मत्स्यवाल्यांनी शिपिंगकडे, आणि शिपिंगवाल्यांनी हा वन्यजीवांचा विषय आहे म्हणून परत वनकडे, म्हणजे माझं पत्रच देवमाशापेक्षा जास्त फिरलं असतं. म्हणून एकच, उघड, सगळ्यांच्या समोर.

मी ऐरोलीला राहते, नेरुळला ऑफिस. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनमध्ये एकोणीस वर्षं झाली. दिवसभर काम काय तर कुठली बोट न्हावा शेव्याला कधी लागतेय, गेट कधी ओपन, कट-ऑफ किती वाजता, पार्टीचा कंटेनर कळंबोलीला अडकलाय का घाटात, आणि हे सगळं चुकलं की शिव्या कोणाच्या नावावर. त्यामुळे देवमाशाबद्दल बोलायला ही बाई कोण असं तुम्हाला वाटलं तर बरोबरच आहे. खरं सांगायचं तर मी त्याच्या विरुद्ध पार्टीतली आहे, माझा पगार ज्या बोटींवर चालतो त्याच बोटी त्याच्या अंगावरून जातात. पण म्हणूनच मला वाटतं की हे पत्र मीच लिहायला पाहिजे, कारण पक्षी-प्राणीवाले लोक तुम्हाला देवमाशाबद्दल सांगतीलच, बोटींबद्दल कोण सांगणार.

आमच्या ठाण्याकडे देवमासा पेपरात येतो तो एकाच कारणाने. "व्हेल माशाची उलटी विकायला आलेले दोघे जेरबंद, किंमत अमुक कोटी." महिन्या-दोन महिन्याने येतेच बातमी. ती उलटी बिलटी काही नसते हो, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा गोळा असतो तो, आणि मी ज्याच्याबद्दल लिहितेय तो देवमासा वेगळा. पण बघा ना, आपल्याकडे त्याच्या पोटातल्या घाणीचा भाव सगळ्यांना पाठ आहे आणि तो स्वतः किती उरलाय हे विचारलं तर सगळे गप्प.

तर मी लिहितेय ते अरबी समुद्रातल्या हंपबॅकबद्दल. मराठीत कुबड्या देवमासा म्हणतात पण मला ते नाव घ्यायला नको वाटतं, हंपबॅकच म्हणते. जगातले बाकीचे हंपबॅक वर्षातून दोनदा हजारो किलोमीटर प्रवास करतात, खायला ध्रुवाकडच्या थंड पाण्यात आणि पिल्लं घालायला गरम पाण्यात. आपले हंपबॅक कुठेच जात नाहीत, वर्षभर इथेच, अरबी समुद्रात. कारण त्यांना खायला इथेच मिळतं, आणि का मिळतं तर आपल्या पावसामुळे. जो नैऋत्येचा वारा जूनमध्ये आपल्याकडे ढग घेऊन येतो तोच वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहताना वरचं गरम पाणी बाजूला लोटतो आणि खालून थंड पाणी वर येतं, त्यात खत असतं भरपूर, त्यावर शेवाळ, त्यावर बारीक कोळंबीसारखे जीव, त्यावर तारली बिरली, आणि त्यावर हा. म्हणजे आपलं आणि त्याचं पोट एकाच वाऱ्यावर चालतं. २०१४ मध्ये त्यांच्या जनुकांवरचा एक अभ्यास आला, त्यात निघालं की हे बाकीच्या हंपबॅकपासून साधारण ७०,००० वर्षं वेगळे राहिलेत. हे गेले तर दुसरीकडचे येऊन जागा भरतील असं नाही, त्या लोकांना ही वाटच माहीत नाही.

किती आहेत? ओमानला २००० ते २००४ मध्ये फोटो काढून मोजले. हंपबॅक बुडी मारताना शेपटी वर काढतो, तिच्या खालच्या बाजूला काळे-पांढरे डाग असतात, ते प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्यासारखे. त्या फोटोंवरून आकडा आला ८२. खाली ६०, वर १११, त्याच्या मध्ये कुठेतरी. आमच्या सोसायटीच्या एका विंगेत याच्यापेक्षा जास्त लोक आहेत. आययुसीएनने, म्हणजे निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेने, २००८ मध्ये यांना वेगळी, धोक्यात असलेली जमात म्हणून लाल यादीत टाकलं.

आणि एवढे कमी झाले कसे, तर १९६५-६६ मध्ये सोव्हिएत रशियाच्या शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि आपल्या गुजरातच्या बाजूच्या पाण्यात २४२ हंपबॅक मारले. चोरून. नियमात बसत नव्हतं म्हणून कागदावर दाखवलंच नाही, खरे आकडे बाहेर यायला नव्वदचं दशक उजाडलं. माझ्या लाइनमध्ये याला मिसडिक्लरेशन म्हणतात, आणि कस्टमवाले त्यासाठी कंटेनर उभा कापतात.

आता तुम्ही म्हणाल शिकार थांबली ना मग वाढतील हळूहळू. मलाही तसंच वाटायचं. ब्राझीलच्या बाजूचे हंपबॅक असेच मारून मारून साडेचारशेवर आले होते, शिकार थांबली आणि आज ते साधारण २५,००० आहेत. मग आपले का नाही वाढले? साठ वर्षं होत आली, आणि अजून शंभरच्या आसपासच. म्हणजे कोणीतरी अजून मारतंय, फक्त आता ते मारणं कोणाच्या नावावर लागत नाही.

हे मला पहिल्यांदा कुठे कळलं सांगते. जानेवारी २०१६ ला जुहूला एक देवमासा मरून लागला होता, तुम्हाला आठवत असेल. माझी मुलगी तेव्हा दुसरीत, टीव्हीवर बघून हट्टाला पेटली. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, गाडी बदलून सांताक्रूझ, मग रिक्षा. वास आधी आला, मासा नंतर दिसला. सुक्या मासळीचा बाजार उन्हात दहा दिवस बंद ठेवून उघडावा तसा वास. तीस फुटांच्या वर लांब, ब्रूडस व्हेल होता तो, हंपबॅक नाही. गळ्याखालून पोटापर्यंत उभ्या रेघा होत्या, ओल्या शाडूवर कंगवा ओढावा तशा, आणि त्या रेघांत वाळू भरली होती. लोक सेल्फी काढत होते, एक आजोबा लांबूनच नमस्कार करून गेले. पोरीने नाकावर रुमाल धरून तिथल्या बंदोबस्तातल्या एका माणसाला विचारलं, काका हा कशाने मेला? तो बिचारा सकाळपासून उन्हात उभा, म्हणाला, "समुद्रात मेला, बाळ."

ती पोरगी आता कॉलेजला जाते आणि अजून घरात कोणी कशाला उत्तर द्यायचं टाळलं की म्हणते, समुद्रात मेला बाळ.

साहेब, माझं सगळं पत्र त्या एका उत्तराबद्दल आहे.

कारण असं बघा. २०१८ मध्ये केंद्राने प्रजाती पुनरुज्जीवन कार्यक्रमाच्या यादीत अरबी समुद्रातल्या हंपबॅकचं नाव घातलं, त्याच वेळी रेड पांडा, क्लाउडेड लेपर्ड ही मंडळी पण आली. चांगलंच झालं. वन्यजीव कायद्यात तर तो पहिल्या शेड्युलमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेच, वाघाच्या शेजारी. पण यादीत नाव असणं आणि आराखडा असणं यात फरक आहे, बुकिंग झालं म्हणजे माल चढला असं नसतं. अमेरिकेचा १९७३ चा कायदा आहे धोक्यातल्या प्रजातींचा, त्यात रिकव्हरी प्लॅनमध्ये तीन गोष्टी असायलाच लागतात: कुठे नक्की काय करणार, किती झालं म्हणजे झालं म्हणायचं ते मोजता येईल असं, आणि किती वर्षं आणि किती पैसे लागतील. बस. बाकी प्रस्तावना कितीही पानं लिहा. आणि गंमत म्हणजे त्याच कायद्याखाली २०१६ मध्ये त्यांनी जगातले हंपबॅक चौदा गटांत मांडले, त्यातले नऊ गट बरे झाले म्हणून यादीतून काढले, आणि आपला अरबी समुद्राचा गट? धोक्यातच ठेवला. त्यांच्या किनाऱ्यापासून अर्ध्या जगावर आहे हा मासा, तरी.

त्यांच्याकडचंच एक गणित मी तुम्हाला करून दाखवते, कारण ते करायला कॅल्क्युलेटर पुरतो आणि मी ते लंच टाइममध्ये केलं. माणसाच्या चुकीने दर वर्षी किती प्राणी मेले तर जमात तरीही सावरेल, याचं सूत्र आहे. कमीत कमी किती प्राणी आहेत तो आकडा घ्यायचा, देवमासे वर्षाला जास्तीत जास्त चार टक्क्याने वाढतात असं धरून त्याचं निम्मं, म्हणजे दोन टक्के, आणि प्रजाती धोक्यात असेल तर त्याचाही फक्त दहावा भाग. आपण खालचा आकडा धरू, ६०. साठाचे दोन टक्के १.२, त्याचा दहावा भाग ०.१२. वर्षाला ०.१२ देवमासा. म्हणजे आठ वर्षांत एक.

मी परत परत केलं, वाटलं दशांश चुकला. नाही चुकला. ओमान, येमेन, इराण, पाकिस्तान, भारत, सगळ्यांच्या सगळ्या बोटी, सगळी जाळी, सगळं मिळून आठ वर्षांत एक. ८२ चा आकडा धरला तर सहा वर्षांत एक. आणि तिकडे ओमानमध्ये फोटोतल्या जेवढ्या देवमाशांची शेपटीजवळची जागा नीट दिसली त्यातल्या ३० ते ४० टक्क्यांच्या अंगावर दोराचे व्रण होते, जाळ्यात अडकून सुटलेले. सुटलेले म्हणून फोटो आहे. जे सुटले नाहीत त्यांचा फोटो कोण काढणार.

म्हणून माझी पहिली मागणी ही की आराखड्याच्या पहिल्या पानावर, मंत्र्यांच्या संदेशाच्याही आधी, हा आकडा छापा. आठ वर्षांत एक. त्यानंतरचं प्रत्येक पान या आकड्याला उत्तर देतंय का बघा, नसेल तर ते पान काढा.

आता जाळ्यांकडे येते.

आमच्या मासेवाल्या मावशी दिवाळे कोळीवाड्यातल्या. रविवारी सेक्टरच्या कोपऱ्यावर पाटी घेऊन बसतात, बारा वर्षं मी त्यांच्याकडूनच घेते, आणि भाव मी करत नाही, त्या करतात. त्यांचा भाऊ करंजाच्या एका मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आहे, आठ-दहा दिवस बाहेर असतो, दूर जाऊन गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं, टाकतात. मागच्या दिवाळीत तो आला होता तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याला सरकारची स्कीम सांगायला गेले, म्हटलं दादा, जाळ्यात कासव, गादा, बहिरी असलं काही संरक्षित अडकलं आणि तुम्ही जाळं कापून सोडलं तर राज्य सरकार २५,००० पर्यंत भरपाई देतं, डिसेंबर २०१८ पासून आहे, फक्त फोटो नाहीतर व्हिडिओ पुरावा म्हणून लागतो. त्याला सगळं माहीत होतं. त्यांच्या ओळखीतल्यांनी कासवासाठी पैसे घेतलेत पण. स्कीम चांगली आहे म्हणाला. मग म्हणाला:

"पन ताय, देवमासा काय जाल्यान बसून र्‍हातो का फोटोसाठी? तो जालं घेऊन जातो."

आणि हाताने दाखवलं. हात सरळ पुढे, मग खाली. जाळं कापायची वेळच येत नाही, बोया, म्हणजे जाळ्याचे तरंगते गोळे, एकामागोमाग एक पाण्याखाली जातात आणि दोर सुटतो किंवा तुटतो, रात्रीची वेळ, कोणाला काय दिसणार. सकाळी अर्धं जाळं नाही. मालकाला काय सांगायचं? सांगायचं की कुठल्यातरी जहाजाने कापलं. जहाजाने कापलं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, कारण ते रोज होतं. देवमाशाने नेलं म्हटलं तर एक तर मालक हसणार नाहीतर, त्याचेच शब्द, "जंगलखात्याची मानसं घरी येतील ना."

मी रात्री झोपले नाही नीट. आपली एवढी चांगली स्कीम, जगात कौतुक करावं अशी, आणि जो प्राणी सगळ्यात कमी उरलाय त्याच्यासाठीच तिचा उपयोग नाही, कारण ती कासवाच्या मापाने शिवली आहे. जे अडकून तिथेच राहतं त्याच्यासाठी. जो जाळ्यासकट निघून जातो, मग महिनोन् महिने ते ओढत फिरतो, खाता येत नाही, बारीक होत होत मरतो, त्याची नोंद आपल्याकडे "जहाजाने जाळं कापलं" अशी होते. म्हणजे बोटींच्या नावावर जाळ्यांचे देवमासे आणि समुद्राच्या नावावर बोटींचे. सगळे हिशेब एकमेकांच्या वहीत.

तर दुसरी मागणी. हरवलेल्या जाळ्याची नोंद. प्रश्न विचारायचे नाहीत, फोटो मागायचा नाही, कुठे हरवलं त्याचं जीपीएस, किती वाजता, किती खोल, कसलं जाळं, बोया कशा गेल्या. तांडेलाच्या मोबाइलवर होईल हे, जीपीएस प्लॉटर तर सगळ्यांकडे आहे. आणि भरपाई फोटोवर नाही, नोंदीवर द्या, थोडी कमी दिली तरी चालेल. खोटं सांगतील थोडे, सांगू देत. शंभर नोंदींत वीस खोट्या निघाल्या तरी ऐंशीचा नकाशा होतो, आज शून्याचा नकाशा आहे. आणि लेखी द्या की अशी नोंद करणाऱ्यावर वन्यजीव कायद्याखाली केस होणार नाही. हे लेखी दिल्याशिवाय एकही तांडेल तोंड उघडणार नाही, मी लिहून देते.

गुजरातमध्ये बहिरीचं, म्हणजे व्हेल शार्कचं (तो देवमासा नाही, मासाच आहे, पण असो) जे झालं ते बघा. २००१ मध्ये कायद्याने संरक्षण दिलं तेव्हा वेरावळकडचे लोक त्याची शिकारच करत होते. २००४ पासून मोरारी बापूंनी त्याला माहेरपणाला आलेली लेक म्हटलं आणि तेच मच्छीमार आपली जाळी स्वतः कापायला लागले. मला त्यातली लेक-बिक भाषा फार आवडते असं नाही, पण तिथे एक गोष्ट झाली, कोळ्याला गुन्हेगार न धरता त्याच्याशी बोलले. आपल्याकडे कोळी समाजाला देवमाशाच्या गोष्टी सांगायला जायची गरज नाही. नावातच देव घालून ठेवलाय त्यांनी, आपल्या आधी कितीतरी पिढ्या.

आता माझी लाइन. बोटी.

माझ्या स्क्रीनवर दिवसभर नकाशा उघडा असतो, त्यावर प्रत्येक जहाज एक छोटा बाण, क्लिक केलं की नाव, झेंडा, वेग. मुंबईच्या बाहेर खोल समुद्रात हे बाण १५, १६, १८ नॉटने चाललेले असतात. तीनशे मीटर लांब बोट, ब्रिजवरून, म्हणजे कॅप्टन बोट चालवतो तिथून, पुढचं पाणी बऱ्याच अंतरापर्यंत दिसतच नाही, कंटेनर आडवे येतात. खाली देवमासा असला तर कॅप्टनला कळणारसुद्धा नाही. कधीकधी बंदरात आल्यावर बोटीच्या पुढच्या टोकावर आडवा पडलेला देवमासा दिसतो तेव्हा कळतं, जगात बऱ्याच ठिकाणी झालंय असं.

आणि वेगाचा हिशेब अगदी साफ आहे. धडक झाली तर १५ नॉटला देवमासा मरण्याची शक्यता १०० पैकी ७९, आणि वेग ८.६ नॉटवर आणला तर २१. २००७ चा अभ्यास आहे. त्यावरूनच अमेरिकेने डिसेंबर २००८ पासून पूर्व किनाऱ्यावर, राइट व्हेल (धोक्यातल्या देवमाशाची तिकडची एक जात) असतात त्या भागात, त्या हंगामात, ६५ फूट आणि त्याच्यावरच्या बोटींना १० नॉटची मर्यादा घातली. १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. संध्याकाळी सात वाजता घोडबंदर रोडला गाडी या वेगाने गेली तर आम्ही ट्रॅफिक नव्हता म्हणतो.

शिपिंगवाले तुम्हाला सांगतील शेड्युल कोसळेल. मी एकोणीस वर्षं त्यांच्यातच आहे, मी सांगते काय कोसळेल ते. समजा ६० सागरी मैलांच्या पट्ट्यात १५ च्या जागी १० नॉटने जायचं. आधी चार तास लागायचे, आता सहा. दोन तास. आणि तीच बोट तिथून पुढे येऊन बर्थ, म्हणजे धक्क्यावरची जागा, रिकामी नाही म्हणून अँकरेजला नांगर टाकून उभी राहते, कधी कधी दीड दिवस, हे मी पार्टीला दर आठवड्याला फोनवर समजावत असते. घाई करून येऊन लाइनीत उभं राहायचं, आपल्या टोलनाक्यासारखं. दोन तास तर सोडाच, आधीच बर्थची वेळ कळवली आणि बोटी सावकाश आल्या तर कंपन्यांचं इंधन वाचेल. श्रीलंकेच्या दक्षिणेला निळ्या देवमाशांच्या जागेतूनच बोटींचा रस्ता जातो, तिथे २०२२ मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर कंपन्यांपैकी एकीने आपल्या बोटी आपणहून थोड्या दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. कोणाचं शेड्युल कोसळल्याचं ऐकिवात नाही, माझे तरी कंटेनर पोचले.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, उद्या उठून सगळीकडे १० नॉट करा असं मी म्हणत नाहीये. कुठे करायचं ते आधी कळायला पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानला एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, नाव ठेवलं लुबान, म्हणजे आपला लोबान, गुरुवारी धुपाटण्यात घालतो तो. ही बाई डिसेंबरात सरळ समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तिथून किनाऱ्याने खाली कन्याकुमारीपर्यंत गेली आणि परत ओमानला. तोपर्यंत सगळे समजत होते की ते तिकडचे हंपबॅक, इकडे क्वचित येत असतील. एक टॅग, आणि सगळा समज बदलला. गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली माइक ठेवला तर नर हंपबॅकचं गाणं सापडलं. बोटीवरून शोधत फिरलं तर वर्षभर दिसणार नाही असा प्राणी, पण तो गातो हो! रात्रभर गातो. नुसतं ऐकायला कोणीतरी बसायला पाहिजे.

म्हणून तिसरी मागणी पैशाची आहे आणि ती फार मोठी नाही. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक. डहाणूसमोर, मुंबईच्या बाहेर, मुरूड, रत्नागिरी, मालवण. दोन वर्षं सलग ऐका. मग तो नकाशा आणि माझ्या स्क्रीनवरच्या बाणांचा नकाशा एकावर एक ठेवा, जिथे दोन्ही दाट तिथे वेग कमी, तेवढ्याच महिन्यांपुरता. आणि हे आत्ताच करा कारण वाढवणला बंदर येतंय, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली, ७६,००० कोटींच्या वरचं काम. मी त्याच्या विरोधात लिहीत नाहीये, तो वाद तिथल्या लोकांचा आहे आणि त्यांचं म्हणणं त्यांनीच मांडावं. पण बोटींचे रस्ते एकदा पडले की बदलत नाहीत, कंपन्या दहा-दहा वर्षांची गणितं त्यावर बसवतात. पहिल्या बोटीच्या आधी आखलेली लेन फुकटात होते, नंतरची कोर्टातून जाते.

जिथे देवमासा किनाऱ्याला लागेल तिथे २०२१ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेतच, कोणाला फोन करायचा, प्राणी जिवंत असेल तर काय करायचं, सगळं. त्यात माझी भर एवढीच की प्रत्येक मेलेल्या देवमाशाच्या अहवालात एक रकाना सक्तीचा करा, कशाने मेला, आणि तो रकाना "कुजल्यामुळे सांगता येत नाही" असं लिहून भरता येणार नाही असं तरी बघा. दोराचा व्रण आहे का, हाड मोडलंय का, निदान एवढं कुजल्यावरही दिसतं. पशुवैद्यक पोचायच्या आधी जेसीबी पोचतो हे आपलं खरं दुखणं आहे.

आराखडा केला म्हणजे सगळं झालं असा माझा भ्रम नाही. राइट व्हेलचा प्लॅन १९९१ पासून आहे, पैसा आहे, कोर्ट आहे, विमानं घेऊन मोजायला जातात, आणि तरी ते आज ३८० च्या आसपासच आहेत, दोरात अडकून आणि बोटी लागून मरतायत. पण त्यांच्याकडे मेलेल्याचं नाव असतं. कुठली मादी, कोणाची मुलगी, कितवं पिल्लू, कशाने गेली. आपल्याकडे अजून समुद्रात मेला बाळ चाललंय.

आमच्या ऐरोलीचं उदाहरण द्यायचं तर खाडीतल्या फ्लेमिंगोंना २०१५ मध्ये अभयारण्य मिळालं, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, आता तर चौकाचौकात त्यांचे पुतळे आहेत, काही इतके वाईट आहेत की खऱ्या फ्लेमिंगोने बघितले तर परत कच्छला जाईल. तिकीट काढून बोटीतून दिसतात म्हणून लोकांना ते आपले वाटले. हंपबॅक ऐरोलीच्या जेट्टीवरून कधीच दिसणार नाही. त्याच्यासाठी आंदोलन होणार नाही, मतं नाहीत, सेल्फी नाही. हे काम तुम्हीच केलं तर होईल, ऑफिसात बसून, तिन्ही खात्यांची एक मीटिंग लावून. मीटिंगला एक तांडेल आणि एक पोर्टवर काम करणारा माणूस बोलवा, आणि त्यांना शेवटी पाच मिनिटं न देता सुरुवातीला द्या.

तांडेल कुठून आणायचा असा प्रश्न पडला तर मावशींचा भाऊ पुढच्या वेळी आला की मी कळवेन, तो तयार आहे, मी विचारलंय. एकच अट आहे त्याची, मीटिंग भरतीच्या दिवसांत ठेवू नका, ते दिवस धंद्याचे असतात. आणि मराठीत बोला.

उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
ऐरोलीची एक शिपिंगवाली